डॉक्टरांना मी का फेकलं

आधीच सांगून टाकतो, माझं काहीही चुकलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांना मी धावत्या सायकलसकट पुढे फेकलं हे खरं आहे. पण ती फेक बिनचूक होती, आणि वेळ आली तर पुन्हा फेकीन!

मी ट्रॅकवर सायकलच्या शर्यती खेळतो, त्याही जोडीच्या. एकजण जीव खाऊन सायकल पळवतो, तेवढ्या वेळात दुसरा उतरत्या ट्रॅकच्या वरच्या कडेने रमतगमत दम खातो. दम खाऊन झाला की त्याने हात मागे खाली सोडायचा. पळवणाऱ्याने मागून येऊन तो पकडायचा आणि जोडीदाराला पुढे भिरकावून द्यायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे समोर हात लोंबला की माझा हात आपसूक जातो. माझा जोडीदार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

गेल्या मोसमात अर्ध्या शर्यतीनंतर माझे पाय गळायचे. मोसम संपून ट्रॅक बंद झाला, तसा मेहुणा घरी आला आणि बहिणीच्या देखत म्हणाला, "भावोजी, आता रस्त्यावर लांब सायकल चालवा. रविवारच्या मंडळींबरोबर शेवटपर्यंत टिकलात तर आपली जोडी कायम. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

हौशी लोकांबरोबर टिकाल का, असं मला विचारतो! मी म्हटलं, टिकायचं काय घेऊन बसलास, त्यांना दम लागला तर मी थांबून घेईन. बायको ताटं उचलत होती, ती भावाकडे बघून हसली. तिचं असं हसणं मला फार झोंबतं.

रविवारी निघालो. मंडळींचे पुढारी दातांचे डॉक्टर. वयाने मोठे, अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब. निघण्यापूर्वी ते नवख्यांना रस्त्यावर हाताने करायच्या खाणाखुणा समजावत होते. मी काही नवखा नव्हतो, म्हणून लांब जाऊन टायरमधली हवा दाबून बघत बसलो.

चढभर मी डॉक्टरांच्या मागे चिकटून होतो. चढ संपला, उतार लागला आणि डॉक्टरांनी हात मागे खाली सोडला. आता ते खड्डा दाखवतायत हे मला कुठून कळणार? मी हात पकडला आणि अंगातलं सगळं बळ लावून डॉक्टरांना फेकलं.

डॉक्टर खड्ड्यावरून गेले की खड्ड्यातून, ते त्यांनाही सांगता येत नाही. उतारावर जे सुटले ते दिसेनासेच झाले. मागच्यांना वाटलं, डॉक्टर आपल्याला गुंगारा देतायत. सगळे इरेला पेटले आणि मला ओलांडून त्यांच्या मागे लागले. मी मात्र होतं नव्हतं ते फेकीत घालवून बसलो होतो. पेपर टाकून घरी परतणारे एक आजोबासुद्धा मला मागे टाकून गेले, वर घंटी वाजवून.

फेरी जिथे संपायची त्या पेट्रोल पंपापाशी मेहुणा निकाल बघायला उभाच होता. डॉक्टर केव्हाच पहिले आले होते. मी सगळ्यांत शेवटी पोचलो. डॉक्टर रागावतील म्हणून मी तोंड लपवत होतो, तर त्यांनी मला मिठीच मारली. इतक्या वर्षांत ते कधी पहिले आले नव्हते म्हणे. मेहुण्याची नजर काही त्यांच्यावरून हटेना.

"अरे, त्यांना मी फेकलं!" मी म्हटलं.

"फेकलंत हो," मेहुणा म्हणाला. "पण पुढे टिकले ते."

आता डॉक्टर मेहुण्याच्या जोडीला आहेत. खरा प्रकार समजल्यावर रविवारच्या मंडळींनी ठरवलं की मी कायम सगळ्यांच्या पुढे राहायचं. माझ्यासमोर कुणाचा हातच येता कामा नये. तेव्हापासून दर रविवारी सगळा वारा मी एकटा छातीवर घेतो, आणि बाकीचे माझ्या आडोशाने गप्पा मारत येतात. त्यांना वाटतं ही शिक्षा आहे. वाटू दे! माझे पाय असे तयार झालेत की कुठलीही जोडीची शर्यत मी शेवटपर्यंत ओढून नेईन.

जोडीदार तेवढा नाही. एकट्याने उतरलं तर चालेल का, असं मी प्रशिक्षकांना विचारून ठेवलंय. ते बराच वेळ हसले. पण नाही म्हणाले नाहीत.