देवजीकाकांना न खपणारा शब्द

देवजीकाकांसमोर ‘गुप्त’ हा शब्द काढायची सोय नाही. गुप्तधन असो नाहीतर गुप्त मतदान, त्यांची मान ताठ होते आणि समोरच्याची खरडपट्टी सुरू. एकदा जव्हारच्या बाजारात एका बाबानं तंबू ठोकला, ‘गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावली आणि पुढं पडदा सोडला. भाजीला आलेल्या काकांनी पिशवी खाली ठेवली आणि पडदाच ओढून काढला. आत दोन तरणी पोरं तोंडाला रुमाल बांधून बसली होती.

“रुमाल कशाला रं? दरोडा घालाय निघालाव?” काका गरजले. “गालावर पुरळ आलं तर चार जणांना दाखवतूस. ती कातडी न् ही कातडी एकाच मालकाची ना? मंग ही गुप्त कशी झाली?”

पोरं पळाली. दवाखान्याकडे की घराकडे, देव जाणे. बाबा भांडायला उठला, तर काकांनी त्याच्याच मलमाची बरणी त्याच्यापुढं धरली. “आधी तू लाव. आमच्यासमोर.” बाबानं संध्याकाळच्या आत तंबू गुंडाळला.

काका एसटी डेपोत मेकॅनिक होते. आता निवृत्त, एकटेच राहतात, माझ्या खोलीला लागून. मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, जव्हारला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. काकांच्या लेखी सगळं जग म्हणजे एक नादुरुस्त बस. कुणाला ताप आला की ‘इंजिन तापलंय’, कुणी रुसलं की ‘बॅटरी उतरली’.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरत होतं आणि त्याच सुमारास माझी पंचाईत झाली. लिंगाच्या पुढच्या कातडीला आधी खाज, मग तिच्या टोकाला पांढुरके चट्टे. कातडी कडक झाली, तिला बारीक चिरा पडल्या, मागं सरकेना. आश्रमशाळेत आम्हाला जास्वंदीच्या फुलाचे भाग तोंडपाठ करून घेतले होते, पण या भागाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मित्रानं सांगितली ती खाजेची ट्यूब लावली. मग वाटलं, आपण स्वच्छता ठेवत नाही. साबणानं घासलं. वर जंतुनाशक ओतलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

एका सकाळी मोटारसायकलवरून उतरलो, तर काका ओट्यावरून बघत होते.

“सीट तापलीय का रं?”

“नाही काका.”

“मंग उतरताना दात का आवळतूस?”

“तसं काही नाही...”

“तसं म्हंजे कसं? नाव घे!”

मी भिंतीकडं तोंड करून सांगून टाकलं. ट्यूब, साबण, सगळं. काका लालबुंद झाले.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासून गाडी धूर टाकतेय, न् तू बॉनेटला अगरबत्ती ओवाळतूस! बस मागं!”

माझीच गाडी, आणि मलाच मागं बसवून त्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. मी उलट्या पावली फिरलो, पण दारात काका आडवे उभे.

“बाई, याची पुढची कातडी...”

“काका, तुम्ही बाहेर थांबा,” बाई म्हणाल्या. “त्याला बोलू द्या.”

काका चक्क गेले. बाईंनी तपासलं, लघवीची धार बारीक झालीय का विचारलं, रक्तातली साखर बघायला लावली. “हा त्वचेचा एक आजार आहे. लायकेन स्क्लेरोसस म्हणतात,” त्या म्हणाल्या. “कुणाकडून लागत नाही, तुमच्यामुळं कुणाला लागणार नाही. सगळी लाली, सगळी खाज एकसारखी नसते. कुणाची बुरशी असते, कुणाची साबणाची ॲलर्जी. म्हणून दुसऱ्याची ट्यूब लावायची नाही.” त्यांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं, किती आणि कधी लावायचं ते दाखवलं. साबण बंद, नुसत्या पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं. कातडी जोर लावून ओढायची नाही. मागं गेलेली कातडी पुढं येईना आणि सूज आली, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी यायचं. जखम भरेना किंवा गाठ लागली तरी लगेच दाखवायचं. मलमानं भागलं नाही तर छोटं ऑपरेशन. आणि बरं वाटलं तरी तपासणी चुकवायची नाही.

मी बाहेर आलो. काकांनी एकच विचारलं, “धार नीट हाय ना?”

“हो.”

ते बाकावर मटकन बसले.

मलमानं हळूहळू गुण आला. कातडी मऊ पडली, लग्नाची तारीख धरली. बस्त्यासाठी मोखाड्याच्या बाजारात गेलो, तेव्हा काकांनाही घेतलं. तिथं नाचणी विकणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना हटकलं. “बरा हायस ना?” काकांनी नुसती मान हलवली आणि भराभर पुढं निघाले. कापडाच्या दुकानापाशी थांबून म्हणाले, “माझी बायको व्हती ती. सूर्यमाळला, माझ्या गावाकडं ऱ्हायचो तवा.”

मी त्यांना गर्दीतून बाजूला घेतलं.

“तुझंच दुखणं मला झालं व्हतं. आग आग व्हायची. सांगणार कुणाला? मी शेतावरल्या माळ्यावर निजायचो. तिला वाटलं, मला ती आवडंना. वरीसभर वाट बघून गेली बापाकडं. दुसरं घर केलं. पुढं माझी लघवीच अडली, तवा नाशकाला ऑपरेशन झालं. एवढंसं काम, पोरा. एवढ्याशासाठी...” त्यांचा जबडा आवळला गेला. राग कुणावर काढावा, ते त्यांना सापडत नव्हतं.

“तिला सांगितलंत?”

“आता काय सांगू? नातवंडं हायत तिला.” मग नाचणीवालीच्या दिशेनं बघत, “पर तिला अजून वाटत आसंल, खोट तिच्यातच व्हती.”

ते तसेच उभे राहिले. मग एकदम वळले आणि नाचणीवालीपाशी जाऊन उकिडवे बसले. मी लांबून बघत होतो. काका खाली बघून बोलत होते. म्हातारीच्या हातातलं मापटं तसंच राहिलं. एक गिऱ्हाईक आलं, तिनं हातानंच त्याला थांबवलं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे टिपले, पोतं बाजूला सरकवलं आणि काकांना मांडी घालून बसायला जागा करून दिली.