धारेची फुलं

आमच्या आष्ट्यात लोक कुत्र्याला भितात, पोलिसाला भितात. आमची गल्ली मात्र फुलांना भिते. बाबालालचाचांच्या फुलांना. ती लोखंडाची असतात आणि कापतात.

चाचांनी जन्मभर ऊसतोडीचे कोयते आणि विळे घडवले. कोयते दुकानात तयार मिळायला लागले तेव्हा त्यांची सून रुखसाना म्हणाली, "अब्बा, आपण नक्षीची गेटं करूया की." तिच्या नवऱ्यानं वेल्डिंग शिकून घेतलं, तिनं शेडच्या फरशीवर खडूनं वेली काढल्या आणि पानं-पाकळ्या ठोकायचं काम चाचांकडं आलं. हात काय सुंदर हो त्यांचा! जास्वंद घडवली तर तोडून देवाला वाहावीशी वाटायची. पण त्या हाताला सवय एकच. पाकळी पुरी होत आली की कडेला धार निघायचीच.

"धार न्हाई त्ये लोखंड कसलं, बाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी बालवाडी चालवते, म्हणून सगळ्या गावाची मी बाई.

पहिलं गेट एका खताच्या दुकानदाराचं. आठवड्याच्या आत तो नव्या शर्टाची बाही हातात घेऊन शेडवर हजर. गेटातल्या वेलीनं ती खांद्यापासून वेगळी केली होती. चाचांनी बाही उलटीपालटी करून बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "एक धागा वडला न्हाई बगा. कसं साफ कापलंय!"

दुकानदार पुन्हा आला नाही.

रुखसाना दिवसभर कानस घेऊन कडा बोथट करायची. चाचा जाता-येता त्याच कडांना परत धार लावून ठेवायचे. ती ओरडली की म्हणायचे, "हात जातोय गं, म्या काय करू?"

आणि अशा माणसाला मी बालवाडीचं गेट करायला सांगितलं! रुखसानानं गळच घातली. "बाई, एवढं एक चांगलं झालं तर गाव बघंल. न्हाईतर शेड बंद करायची हाय." मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग.

नमुन्याची पाकळी बघायला गेले आणि हात लावताच बोटातून रक्त आलं. चाचांना खरंच वाटेना. त्यांनी त्याच पाकळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. "लागत न्हाई की ओ." पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हातोडा धरून धरून बोटांची कातडी इतकी जाड झाली होती, की धार आहे का नाही हे त्यांना कळतच नव्हतं. इतके दिवस सगळं नजरेवर चाललं होतं.

तिथून चाचा घाबरले ते घाबरलेच. "पोरं हात लावनार, बाई?"

"हात? पोरं चाटतात सुद्धा, चाचा."

खरं ते सांगितलं, पण सांगायला नको होतं. ते मटकन बाकावर बसले. "धंदा गेला तर जाऊ दे. लेकराचं रगत निघालं तर म्या मरीन."

पुढचे पंधरा दिवस शेडचं दार आतून बंद. इकडं मला रोज एकच घोर. पालकांना काय तोंड दाखवू?

सुट्टीनंतर बालवाडी उघडायच्या दिवशी सकाळीच चाचांच्या मुलानं गेट बसवलं. चाचा रस्त्याच्या पलीकडं, भिंतीकडं तोंड करून उभे. काही केल्या वळेनात. पोरं आली, गेटाला लोंबकळली. आणि एक पोरगं ठणाणा रडायला लागलं. मग दुसरं. मग बावीसच्या बावीस.

"कापलं! बाई, कापलं!" चाचा खालीच बसले.

"अहो चाचा, पहिला दिवस आहे! आईसाठी रडतायत!"

"समदी?"

"सगळी!"

"हात बगा. एकेकाचं हात बगा जावा."

खरं सांगते, माझाही भरवसा नव्हता. आत जाऊन मी एकेकाचे दोन्ही तळवे उघडून बघितले. शेंबूड होता, चिकट लाडू होता, कुठूनसं आलेलं शेण होतं. रक्त नव्हतं. कुणाच्याच हातावर नव्हतं. मग मात्र मला रडू आलं.

सांगायला बाहेर गेले, तेव्हा कुठं चाचांनी तोंड वळवलं. दाढीच्या वर दोन्ही गाल ओरखड्यांनी भरलेले. काही खपली धरलेले, काही कालचे, लाल.

"हे काय हो चाचा?"

"हाताला कळंना," ते ओशाळून म्हणाले. "मग गाल घासून बगितला. एकेक पाकळी. जितं लागलं, तितं रुखसानाकडनं कानस मारून घेतली. लेकरांची कातडी तशीच असती न्हवं?"

तेवढ्यात आत पुन्हा कुणीतरी भोकाड पसरलं. चाचांनी माझं मनगट धरलं.

"बाई, ते कोन हाय? बगा की जाऊन."