भाऊजींचा कम्प्युटर बघण्याचा कार्यक्रम

आमच्या भाऊजींनी डोंबिवलीतल्या कम्प्युटरच्या दुकानात शिरून पहिला प्रश्न विचारला तो असा : "घराणं कुठलं?"

काउंटरवरच्या मुलीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. भाऊजींबरोबर बाहेर पडलं की कधी कुठे बघायचं, हे मला आता पाठ झालंय.

"म्हणजे कंपनी का, काका?"

"कंपनी झालीच. पण याआधी कुठे बोलणी झाली होती का? झाली असतील तर मोडली का? लपवाछपवी नको हं. मागाहून सगळ्यांना मनस्ताप होतो."

भाऊजी म्हणजे बापू, माझे धाकटे दीर. पासष्टी उलटली. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्यावर, एकटे. स्वतः लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांची लावून देण्यात आयुष्य घालवलं. आमच्या ज्ञातीच्या मंडळात वधू-वर सूचक म्हणजे बापूच. ठाण्यापासून कल्याणपर्यंत यांनी जमवलेली जोडपी इतकी आहेत, की यांच्याबरोबर भाजी आणायला गेलं की भाजी राहते बाजूला. प्रत्येक वळणावर कोणीतरी वाकून नमस्कार करतं. बायका मनापासून करतात. नवऱ्यांचं मला सांगता येत नाही.

बरं, मंडळातलं मंडळात ठेवावं ना माणसाने! नाही. मी कुकर घेतला तर म्हणाले, "भांडं आणि झाकण एकाच घरातलं आहे ना? नाहीतर रोज शिट्ट्या." आंबेवाल्याला विचारतात, "देवगडचा म्हणताय, पत्रिका दाखवा." आणि या सगळ्यावर त्यांचं पालुपद : "चांगलं आहे. पण अजून एक बघून घेऊ." या 'अजून एक'पायी मी किती चपला झिजवल्या, विचारू नका. स्वतः भाऊजींना चपला घ्यायच्या होत्या तेव्हा इतके दिवस बघत राहिले, की ते दुकान उठलं आणि तिथे पोळी-भाजी केंद्र आलं. भाऊजी तिथून पोळ्या आणतात आणि जुन्याच चपला घालतात.

एक मात्र कबूल करायला हवं. मंडळात त्यांचा एक नियम आहे, तो मोडलेला त्यांना चालत नाही. नकार असेल तर त्याच दिवशी कळवायचा. "माणसाला ताटकळत ठेवायचं नाही," म्हणतात. त्यासाठी भल्याभल्या मुलांच्या आयांशी भांडलेत.

तर हा कम्प्युटर. साधा नाही, गेम खेळायचा. त्याला म्हणे वेगळी ताकद लागते. आमच्या ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "या वयात?" आणि लगेच गुडघे धरून बसले, म्हणजे बरोबर जायला कोण, तर मी.

झालं असं, की रिटायर झाल्यावर भाऊजींना फोनवरच्या एका गेमचा नाद लागला. चौघांची टोळी करायची, विमानातून उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या, जीपमधून पळायचं. भाऊजी नेम धरण्यात ठार अडाणी आहेत. पण जखमी झालेल्याला पट्टी बांधायला सगळ्यांत आधी धावतात, म्हणून त्यांना टोळीत मान. टोळीतले बाकीचे तिघे म्हणजे बदलापूरची वैशाली, डबे पुरवते; कल्याणचा सागर, बँकेत आहे; आणि शीळफाट्याचा अस्लम, गॅरेजवाला. एकमेकांची तोंडं कोणी बघितलेली नाहीत, पण वैशालीच्या सासूला कुठली गोळी सोसत नाही, ते भाऊजींना ठाऊक.

या तिघांनी कम्प्युटर घेतले. मग वैशालीने सांगितलं, "काका, दिवाळी झाली की आम्ही फोनवरचं बंद करणार. तुम्हीपण या ना. नाहीतर आम्हाला चौथा बघावा लागेल."

चौथा बघावा लागेल! आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बघत आलेला माणूस. मला सांगताना हसत होते, पण चहा तसाच गार झाला.

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो. पेन्शनीतून बाजूला टाकलेली रक्कम होती, तिच्यावर एक रुपया चढणार नव्हता. भाऊजींनी ते आधीच सांगितलं. "देण्याघेण्याचं स्पष्ट असलेलं बरं. कीबोर्ड, माऊस कोणाकडून?"

"ते वेगळे घ्यावे लागतील, काका."

"बघा वहिनी, इथूनच सुरुवात."

समोर काचेच्या अंगाचा एक डबा होता. आत लाल, निळे, हिरवे दिवे गरगर फिरत होते. मला आपला बरा वाटला, गणपतीत उपयोगी पडला असता. भाऊजी म्हणाले, "आधी हे दिवे बंद करा. मेकअप उतरवून दाखवा."

पोरगी गुणाची. दिवे बंद केले, डबा उघडला आणि एकेक समजावून सांगायला लागली. गेममधली चित्रं पळवायला हे ग्राफिक्स कार्ड. सगळा हिशोब करायला हा प्रोसेसर. भाऊजींनी महागातल्या कार्डावर बोट ठेवलं, पैसे वाचवायला प्रोसेसर स्वस्तातला घेऊ म्हणाले.

"नको काका. मग हा त्याला पुरा पडणार नाही. कार्ड नुसतं बसून राहील."

"विजोड!" भाऊजी एकदम खूश. "मुलगी डॉक्टर आणि मुलगा दहावीला बसतोच आहे. वर्षभरात माहेरी येणार." मग एका जड चौकोनी ठोकळ्याकडे वळले. "हे काय?"

"पॉवर सप्लाय. सगळ्यांना वीज हाच देतो. यात कंजुषी केलीत तर एक दिवस स्वतः जळेल आणि बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

"सासरा," भाऊजींनी मला समजावलं. मला! जिने यांच्या वडिलांच्या हाताखाली संसार केला तिला!

तासाभराने सगळं जुळलं. रकमेत बसलं. पोरीने बिलाला हात घातला आणि भाऊजी उठले. "चांगलं आहे. पण अजून एक बघून घेऊ."

त्या पोरीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं! मी पुन्हा पंखा गाठला.

त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही ते विचारा. कुठे म्हणाले आवाज मोठा आहे, चारचौघांत शोभणार नाही. कुठे एक वापरलेलं कार्ड होतं. "दुसरेपणाचं चालेल," भाऊजी म्हणाले, "पण पहिल्या घरी काय झालं ते कळलं पाहिजे." दुकानदाराने सांगितलं नाही, म्हणून आम्ही उठलो. दिवाळी जवळ येत चालली होती. माझी भाजणीसुद्धा भाजून झाली नव्हती.

मग त्यांना चौकशीची आठवण झाली. दुकानदार सांगणार ते गोडच. जिथे नांदतंय तिथे जाऊन बघायला हवं. कल्याणला मंडळाचे जुने सभासद होते, परांजपे. त्यांच्याकडे तसाच कम्प्युटर आहे असं कळलं. भाऊजींनी फोन लावला. मी समोरच होते, शब्द न् शब्द ऐकला : "मंडळातून बापू बोलतोय. रविवारी संध्याकाळी बघायला येतो म्हणतो. वहिनींनाही आणतो. फार तयारी करू नका, नेहमीसारखं असू दे."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

दारात रांगोळी. सोफ्याला नवी कव्हरं. आम्ही टेकतोय तोवर आतून पोहे आले, आणि ट्रे धरून त्यांची मुलगी, गार्गी. तिशीची असेल. साडी नेसलेली आणि चेहरा असा, की पोह्यांत काय घातलंय कोण जाणे.

भाऊजींनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, "छान. मशीन कुठल्या खोलीत आहे?"

परांजपे घाबरले. "मशीन? हो, शिवणाचं तिला थोडंफार येतं..."

"कम्प्युटर हो! आम्ही कम्प्युटर बघायला आलोय."

 परांजपेबाई तर पदराने वारा घ्यायला लागल्या. आणि मग ती मुलगी जी हसत सुटली! ट्रे टेबलावर आदळला, पदर खोचला. "कम्प्युटर माझाच आहे, काका. या आत."

पुढे मला कोणी विचारलंच नाही. ती दोघं आत, आम्ही तिघं बाहेर पोहे चिवडतोय. आतून आवाज येत होते. "काका, डावीकडे! अहो, डावीकडे!" "मेलो!" "पुन्हा खेळायचं?" मी डोकावले तर ती भाऊजींना सपशेल हरवत होती, आणि हे लहान मुलासारखे खुर्चीच्या टोकावर. निघताना त्यांनी तिला विचारलंच, "तुला स्थळ कसं हवं गं?"

"हरल्यावर चिडणार नाही असं."

भाऊजी काहीतरी फिरकी घेणार असं मला वाटलं. नाही घेतली. "असतात तसे," एवढंच म्हणाले.

जिना उतरताना म्हणाले, "मशीन चांगलं आहे, वहिनी." आणि अर्ध्या जिन्यात थांबून, "पण अजून एक बघून घेऊ."

एरवी मी तिथेच तोंड सोडलं असतं. पण या वेळी मी पायऱ्यांकडे बघितलं. कारण असंच वाक्य याच कल्याणात, अशाच एका जिन्यात मी ऐकलेलं होतं.

मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. सासूबाई, मी आणि भाऊजी मुलगी बघायला गेलेलो. सुमन नाव. मोठी माणसं मानपानाचं बोलत होती आणि कोपऱ्यात कॅरम होता. तिने सरळ विचारलं, "खेळता का?" सगळे चपापले, पण हे बसले की खेळायला! तिने राणी घेतली, वर कव्हर घेतलं, यांना धुऊन काढलं. घरी परत येईपर्यंत यांचे कान लाल होते. पसंत होती हो, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण जिना उतरताना म्हणाले, "चांगली आहे. पण ठाण्याचं एक सांगून आलंय, तेवढं बघून घेऊ." ठाण्याचं बघायला महिना गेला. मग होकार घेऊन माणूस पाठवला, तर तिचं दुसरीकडे ठरलेलं. तिने वाट बघितली होती म्हणे. निरोपच नाही आला, म्हणून तिच्या वडिलांनी नकार धरला.

त्यानंतर भाऊजींनी स्वतःसाठी एकही मुलगी बघितली नाही. मंडळात जायला लागले ते तेव्हापासून. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही. मीही नाही.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. विठ्ठलवाडीला एका सिंधी दुकानदाराकडे एक मशीन तयार होतं. कोणीतरी जोडून घेतलं आणि बदली झाली म्हणून सोडून दिलं. कारण सबळ होतं, भाऊजींचं समाधान झालं. कार्ड-प्रोसेसर एकमेकांना शोभणारे, सासरा दणकट, रक्कम आवाक्यात. चालवून बघायला बसले ते उठेचनात. 

मग उठले. "चांगलं आहे," म्हणाले. "पण ठाण्याला एकाला शब्द दिलाय. तेवढं बघून..."

मी पिशवी उचलली.   दिवाळी तोंडावर, घरी चकल्या व्हायच्यात, आणि तिकडे त्या टोळीला चौथा मिळणार. आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरलो. एवढ्यात एक गृहस्थ आमच्या बाजूने वर गेले आणि मागून त्यांचा आवाज आला, "हे तयार आहे का? हे केवढ्याला?"

भाऊजी पायरीवरच थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. पंखा नव्हता तिथे, समोरची रिक्षा बघितली.

भाऊजी वळले. दोन-दोन पायऱ्या चढत आत गेले, यांना गुडघे आहेत की नाहीत? आणि त्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ करा. आमचं ठरलंय."

"काका, आप तो बोले थाने में देखना है," दुकानदार म्हणाला.

"ठाण्याला कळवतो."

आणि कळवलं. बिल होईपर्यंत तिथेच उभं राहून ठाण्याच्या दुकानदाराला फोन. "आमचं जमलं. तुम्ही वाट बघत बसू नका. राग मानू नका, तुमच्याकडचंही उत्तम असणार." पलीकडच्याला काय कळलं असेल, देव जाणे.

पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन वर गेले. दार उघडंच. भाऊजी कानांवर ती मोठी हेडफोनची टोपी चढवून बसलेले. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दचकून उठले, आणि त्यात ती वायर निसटली. टोळीचा आवाज खोलीभर.

"काका, कोण आलं?" बाईचा आवाज, म्हणजे वैशाली.

"वहिनी आल्यात. फराळ आणलाय. तुम्ही व्हा पुढे, मागून गोळ्या येतायत!"

"आने दो गोली," दुसरा कोणी तरी म्हणाला. "काका बैठेंगे तभी गाडी छोडेंगे."

पडद्यावर एक जीप उभी होती. आत तिघं. एक जागा रिकामी. आजूबाजूला धूर नुसता.

भाऊजी ताट हातात घेऊन उभेच. "थांबलेत, वहिनी," म्हणाले. "माझ्यासाठी."

 ताट असं धरलेलं, की चकल्या उन्हात वाळवायच्यात.

"अहो, मग बसा की!" मी ओरडले. "का अजून एक गाडी बघून घ्यायचीय?"

भाऊजी बसले.