पुढची गोष्ट आतल्या खोलीत

धंदा कशाला म्हणतात हे अख्ख्या तिसगावात दोघांनाच कळतं, असं मच्छिंद्रचं ठाम मत होतं. एक तो स्वतः, आणि दुसऱ्याचं नाव त्याला अजून आठवायचं होतं.

बाजारतळावर त्याचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पुढं पत्र्याचा मांडव, त्याखाली दोन बाकडी, मागं एक कुडाची खोली आणि त्याही मागं चूल. चुलीपाशी त्याची बायको छबूबाई. एकाहत्तर साली समोरच्या हॉटेलवाल्यानं रेडिओ आणला आणि मच्छिंद्रची बाकडी ओस पडली. माणसं तिकडं बातम्या ऐकायची, गाणी ऐकायची आणि गाणी संपल्यावर नुसती खरखरसुद्धा मन लावून ऐकत बसायची. छबूबाईचा भाऊ राधाकृष्ण नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात होता. त्यानं निरोप धाडला, की पोळ्यापर्यंत हॉटेल सावरलं नाही तर दाजींनी सरळ इकडं यावं, झाडलोटीची जागा बघून ठेवलीय. पोळ्याला चार बाजार उरले होते. मेहुण्याच्या हाताखाली झाडू मारायचा या विचारानंच मच्छिंद्रला जेवण जाईना.

अशात तो सामान आणायला नगरला गेला आणि शहाणा होऊन परतला. तिथं रस्त्यावर एकानं साप-मुंगसाच्या लढाईचा खेळ मांडला होता. मुंगूस खुंट्याला, साप टोपलीत. माणूस टोपलीला हात लावायचा आणि मध्येच दंतमंजन विकायचा. मच्छिंद्र दीड तास उन्हात उभा राहिला, दंतमंजनाच्या दोन पुड्या घेतल्या, पण लढाई काही झाली नाही.

"मानूस इकत घ्यायच्या आदी इचार करतो," तो छबूबाईला समजावू लागला. "फुकट दिलं तर पळत येतो. आन फुकटातलं ऐन रंगात थांबवलं तर..."

"तर काय?"

"बघ! इचारलंस का न्हाई? ह्योच धंदा हाय."

छबूबाईनं चुलीत फुंकर मारली. "मंजनाच्या पुड्या कोनाला लावायच्या हायेत त्ये सांगा आदी."

रद्दीत त्याला एक रहस्यकथा मिळाली होती. मुखपृष्ठ गेलेलं, आतली पानं शाबूत. पुढच्या बाजारी भर दुपारी तो मांडवात स्टुलावर उभा राहिला आणि खड्या आवाजात वाचू लागला. बसायला पैसे नाहीत, चहा घ्यायची सक्ती नाही. मुंबईचा एक गडगंज शेट, त्याची माडीवरची खोली, आतून कडी, रात्री किंकाळी. रेडिओसमोरची चार माणसं उठून आली, मग दहा आली. नोकरांनी पहारीनं दार मोडलं, सगळे आत घुसले आणि...

मच्छिंद्रनं पुस्तक मिटलं.

"पुढची गोष्ट आतल्या खोलीत. पेशल चहा, तीस पैसे."

पहिला उठला आसाराम शिंपी. गिऱ्हाइकाचं झंपर अर्धवट टाकून आलेला माणूस, त्याला दाराआड काय होतं ते कळल्याशिवाय टाका घालता येणार नव्हता. त्याच्यामागून अकरा जण गेले. खोलीत श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आता आतल्यांनी बाहेर येऊन सगळं फुकट सांगितलं तर? मच्छिंद्रनं तोही विचार केला होता. खोलीत शिरताना प्रत्येकाला त्यानं मढीच्या कानिफनाथाची शपथ घातली, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मढी तिसगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एवढ्या जवळच्या देवाची शपथ कोण मोडणार? बाराही माणसं चहा पिऊन बाहेर आली ती तोंडात गूळ धरल्यासारखी. मच्छिंद्रला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. सगळा घोळ नेमका इथंच झाला.

कारण मांडवाच्या कडेला साळूबाईचा कांद्याचा ढीग असायचा. साळूबाई साठीची, बसल्या जागी जगाची खबर ठेवणारी. तीस पैसे घालवून गोष्ट ऐकणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं आसारामला विचारलं, "आत काय दिसलं रं?" आसारामनं कानाला हात लावले. मग बाहेर राहिलेल्यांपैकी कलाबाईनं विचारलं, भिमाजीनं विचारलं, पण शपथेपुढं कुणाचंच चालेना. बाहेर तीस-चाळीस माणसं ताटकळत उभी होती. साळूबाईला त्यांची दया आली.

"द्या सोडून," ती म्हणाली. "मी सांगते. आत शेट नव्हताच. पलंगावर हिरवा शालू नेसून एक बाई बसली हुती."

बाई कुठली, शालू कुणी घेतला, शेट गेला कुठं? माणसं कांद्याच्या ढिगाभोवती जी बसली ती बाजार मोडेपर्यंत उठली नाहीत. आतल्यांना ठाऊक होतं की हे सगळं साफ खोटं आहे, पण बोलता येत नव्हतं. बिचारे ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता गुंतले.

दुसऱ्या बाजारी खोलीत सहा जण आले, तिसऱ्या बाजारी एकटा आसाराम. त्याचंही लक्ष कुडाच्या फटीतून बाहेर.

"आसाराम, मी वाचतोय."

"वाच की. तुझ्यातला खून मुनिमानं केलाय त्ये धाव्या पानालाच कळलंया. मला त्या बाईचं बघू दे." अर्धा पेशल तसाच ठेवून तो उठला.

मच्छिंद्र संतापून बाहेर आला. मांडवात त्याच्याच बाकड्यांवर, त्याच्याच सावलीत साठेक माणसं बसली होती. रेडिओवाला स्वतः मागं उकिडवा बसून ऐकत होता.

"साळूमावशी, ही काय रीत झाली? माझी गोष्ट तू का सांगतीस?"

"तुझी कशी रं? तुझा शेट मेलाय. माझा पळालाय."

"पळालाय?" मच्छिंद्रचा राग अर्ध्यावर अडखळला. "कडी आतून हुती की."

"हुती ना."

"मंग कसा पळाला?"

साळूबाईनं तराजू उचलला. "दोन किलो दिऊ?"

मच्छिंद्र मालक होता, जाणकार होता, ही युक्ती त्यानं स्वतः नगरहून आणली होती. त्यानं दोन किलो घेतले. शेट छपराची कौलं काढून गेला होता, आणि कौलं पुन्हा बसवणारी ती शालूवाली बाई होती. ती कोण हे कळण्यासाठी त्यानं आणखी तीन किलो घेतले. तेवढ्यात तिचं माहेर घाटाखालचं, इतकंच कळलं.

पाटी डोक्यावर घेऊन तो चुलीपाशी गेला. बायको काय बोलेल याची त्याला धास्ती वाटत होती. घरात कांदा होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि पोळ्याला एकच बाजार उरला होता. पण चुलीमागं आधीच कांद्याचा ढीग पडलेला होता. छबूबाईनं बेसन भिजवायला घेतलं होतं आणि कढईत तेल तापत होतं.

"किती किलोपत्तूर ऐकलं?" तिनं विचारलं.

"पाच."

"मंग बाई कोन त्ये न्हाई कळलं तुमाला. त्ये सात किलोला हाय."

"तू कवा घेतलंस?"

"तुमी आत वाचत हुता तवा." तिनं विळी त्याच्याकडं सरकवली. "बाहेर साठ मानसं बसल्यात. ऐकताना तोंड चालू पाहिजे. दोन घाणे भजी गेली बी, पैसं पत्र्याच्या डब्यात हायेत. नागापूरला कळवा, जागा दुसऱ्याला द्या म्हनावं."

मच्छिंद्रनं डबा हलवून बघितला. जड होता. तो विळीवर बसला, एक कांदा सोलला, दुसरा सोलला. मग हळूच म्हणाला, "छबू, ती बाई कोन?"

"बारीक चिरा," छबूबाई म्हणाली. "जाड चिरलंत तर सांगायची न्हाई."