पोतनीस सरांचं दळण

पोतनीस सर कुठेही गेले की आधी विचारतात, "सगळ्यात लांब लाइन कोणती?" आणि तिच्या शेवटी जाऊन उभे राहतात. पोह्यांच्या दुकानात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत प्लेट घ्यायलासुद्धा. लाइन भराभर पुढे सरकायला लागली की त्यांचा चेहरा उतरतो. असा एखादा माणूस प्रत्येक गावात असतो, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण हे गृहस्थ आमच्या युनिव्हर्सिटीत ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन शिकवतात. रांगा कशा मोडाव्यात हे सांगण्याचाच त्यांना पगार मिळतो.

वर्गात आले की त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "भिया, इंदूरमध्ये कचरा किती प्रकारचा?"

"ओला आणि सुका, सर."

"तिसरा राहिला. वेटिंग! माणूस थांबला, माल थांबला, की झाला कचरा. उचला!"

हे 'उचला' ते इतक्या जोरात म्हणत की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा मी खरोखरच उठून उभा राहायचो.

मी धारचा. भंवरकुआंला खोली घेऊन राहतो, मेसमध्ये जेवतो आणि ऑपरेशन्सच्या पेपरात एकदा आपटून बसलोय. यंदा लाइव्ह प्रोजेक्ट होता. एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणची रांग कमी करून दाखवायची. नाही जमलं तर डिग्री पुढच्या वर्षी. गाइड पोतनीस सर. मी विचार केला, गाइडला खूश करायचं तर गाइड स्वतः रोज ज्या रांगेत तिष्ठत असतो, तीच मोडावी. इतकी हुशार कल्पना मला त्याआधी कधी सुचली नव्हती. त्यानंतरही सुचलेली नाही.

ती रांग होती सरांच्या कॉलनीतल्या मांगीलालजींच्या चक्कीवर. संध्याकाळी तिथे डब्यांची ओळ लागायची. शहाणी माणसं डबा ओळीत ठेवून भाजी घेऊन यायची. सर डब्याशेजारी उभे राहायचे. डबा तरी केवढा? लोणच्याला घेतात तेवढा. त्यात दोन-चार मुठी गहू. रोज!

"सर, एकदाच दहा किलो का नाही दळून घेत?" मी एकदा विचारलं.

"लॉट साइझ, भिया, लॉट साइझ! घरात साठा करणं म्हणजे पाप आहे."

आणि मागून कोणी आलं की, "काकू, तुम्ही व्हा पुढे. माझं काय, एवढंसं तर आहे." असं करत ते शेवटचेच राहायचे. तोवर कोणाचा जावई कसा निघाला, कोणाचा गुडघा कसा आहे, सगळ्याची चौकशी व्हायची. दिघे काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण कोणत्या हॉलमध्ये करायचं हेसुद्धा चक्कीच्या घरघरीत ओरडून ओरडून ठरलं, आणि त्यात सरांचं मत शेवटचं मानलं गेलं.

मी सरांनीच शिकवलेला नियम लावला: सगळ्यात छोटं काम सगळ्यात आधी. पहिल्याच संध्याकाळी डबे लहान-मोठे असे ओळीत लावून मांगीलालजींना म्हटलं, चला. सगळ्यात लहान डबा सरांचा. त्याच्यानंतरचा दिघे काकूंचा. काकू भाजी घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचं दळण निम्मं झालं होतं.

"थांबव! अरे मेल्या, गव्हाच्या पाठोपाठ माझी उपासाची भाजणी?"

"काकू, मधे चक्की साफ करावी लागत नाही, चेंजओव्हरचा टाइम वाचतो."

"उद्या चतुर्थी आहे माझी! काय खाऊ आता, तुझा चेंजओव्हर?"

"म्हने पूछ्यो थो, भिया," मांगीलालजी हात झटकत म्हणाले. "तमने ज कह्यो, किताब में लिख्यो है."

किताबवाल्यांना उपास नसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर चक्कीचे पाट साफ करायचे की नुसते पुसायचे यावर जी सभा भरली, ती दिवे लागले तरी संपेना. अध्यक्ष अर्थातच सर. इतके खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, विद्यार्थ्याची फजिती पाहून होतो तो आनंद असेल.

मी हट्टाला पेटलो. व्हॉट्सॲप ग्रुप काढला. उपासाचं दळण सकाळी, पाट साफ असताना. मग गहू, मग ज्वारी, बेसन शेवटी. ज्याची त्याची वेळ ठरलेली. यायचं, दळायचं, निघायचं. आणि काय सांगू, जमलं! थोड्याच दिवसांत चक्कीसमोरची फरशी मोकळी. दिघे काकूंनी मला माफ केलं, वर म्हणाल्या, "आता सिरियल बुडत नाही रे माझी."

सर मात्र नेहमीच्या वेळी डबा घेऊन आले. समोर कोणी नाही. मागे कोणी नाही. मांगीलालजींनी गहू ओतले, पीठ भरलं, "लो सर, हो गया."

"एवढ्यात?"

"सर, तुमचाच नियम!" मी छाती काढून म्हणालो.

सरांनी गरम डबा या हातातून त्या हातात घेतला. रस्त्याकडे बघितलं. "वा, भिया," म्हणाले, "उचललात कचरा." आणि घरी गेले. मी ते शब्द घरी फोन करून आईला ऐकवले.

प्रोजेक्ट तपासायचा दिवस आला. सर संध्याकाळी चक्कीवर येऊन बघणार होते. मी मेसवरून निघालो तेवढ्यात मेसवाल्या ताईंनी हाक मारली. "तुम्ही त्या कॉलनीत जाताय ना? पोतनीस सरांचा डबा न्याल का? आमचा माणूस आज सुट्टीवर आहे."

"सर मेसचा डबा खातात?"

"मॅडम गेल्या तेव्हापासून. दोन्ही वेळचा. पोळ्या जरा मऊ लागतात त्यांना, मी वेगळ्या बांधते."

माझं डोकं तसं सावकाश चालतं. पण डबा घेऊन चक्कीपर्यंत चालत जाताना तेसुद्धा पोचलं. पोळ्या मेसच्या, तर मग रोजचं पीठ कशाला? आणि पिठाची गरज नव्हती, तर गरज कशाची होती? आणि ते कोणी काढून टाकलं?

सर आले. हातात गव्हाचा डबा होताच. मोकळी फरशी बघितली, मांगीलालजींना दोन प्रश्न विचारले, माझा हात हातात घेतला. "पास, भिया. फर्स्ट क्लास काम. वेटिंग शून्य." त्यांनी ते मनापासून म्हटलं, शिक्षक म्हणून ते खरंच खूश होते. मग त्यांचं लक्ष माझ्या दुसऱ्या हातातल्या मेसच्या डब्याकडे गेलं. त्यांनी तो बघितला, मी त्यांचे गहू बघितले.

मांगीलालजी चक्की बंद करून चहाला गेले. घरघर थांबल्यावर ती जागा एकदम मोठी वाटायला लागली. भंवरकुआंला दोस्त माझी वाट बघत होते. पास झालास तर कचोरी तुझ्याकडून, असं ठरलं होतं. फोन खिशात सारखा थरथरत होता.

"तुम्हाला घाई असेल," सर म्हणाले.

"नाही सर." मी फोन बंद केला आणि बाकावर बसलो.

तेही बसले. दोन्ही डबे मधे ठेवले. जरा वेळाने चक्कीवर बोलायच्या त्यांच्या सवयीने, गरज नसताना मोठ्याने, त्यांनी विचारलं, "धारला घरी कोण कोण असतं तुमच्या?"

आई, बाबा आणि धाकटी बहीण. एका वाक्याचं उत्तर होतं.

मी पणजोबांपासून सुरुवात केली.