शनिवारचं भांडण, रविवारची भजी

एका जंगलात, बाळांनो, चिंचेच्या झाडाखाली एक चर्च होतं. घंटा होती, पेटी होती, बाकं होती. पहिलं बाक तेवढं मोडलेलं होतं. हत्तीची श्रद्धा भारी, दुसरं काय!

तिथले पाळक होते एक कासव. सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत. त्यांचा उपदेश त्यांच्याच चालीने पुढे सरकायचा. तरी दर रविवारी चर्च गच्च भरायचं.

का? तर उपासनेनंतर कांदाभजी मिळायची. मार्थाबाई अस्वलीण तळायची. शेवटचं गीत सुरू झालं की तिच्या कढईत पहिला घाणा पडायचा.

पण एक नियम होता, आणि तो पाळकसाहेबांनीच घातला होता. आपलं भजं आपण खायचं नाही. आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याला भरवायचं. सगळ्यांना क्षमेची गोडी लागावी, एवढाच त्यांचा हेतू.

गोडी लागली हो, पण भज्यांची! ज्याचं भांडण नाही त्याला भजं नाही. मग शनिवारी संध्याकाळी जंगलात एकच धांदल उडायची.

"शांतवनदादा, मोकळे आहात का?" साळिंदर एस्तेरबाई सशाला विचारायच्या.

"घोरपडीशी ठरलंय माझं. पण तुमच्याशीही भांडतो की. कशावरून भांडू या?"

"तुम्हीच काढा काहीतरी."

"बरं. तुम्ही बसलात की बाकाला भोकं पडतात!"

"आणि तुमच्या कानांमुळे मागच्यांना वेदी दिसत नाही!"

"झालं. उद्या भेटू."

एका शनिवारी पाळकसाहेबांनी हे झुडपाआडून ऐकलं. त्यांना फार वाईट वाटलं. आणखी एक गोष्ट होती, बाळांनो, ती हळूच सांगतो. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला एकही भजं मिळालं नव्हतं. पाळकांशी कोण भांडणार? ते आशीर्वाद द्यायचे आणि नुसता वास घ्यायचे.

रविवारी ते गरजले, "आजपासून भजी बंद! यायचं तर देवासाठी या."

हे ते देवासाठी बोलले की भज्यांसाठी, ते त्यांनाही नीट कळलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब होते, मोडकं बाक होतं आणि एक घुबडआजी होती. आजी ठार बहिरी. भजी बंद झाल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी उपदेश सुरू केला. त्यांचा जीव अगदी तुटत होता. इतक्यात मार्थाबाई हातात झारा घेऊन आत शिरली.

"पाळकसाहेब, काय करून बसलात? ससा आणि एस्तेरबाई काल खरंखुरं भांडले. आता मिटवायला भजी नाहीत, दोघं तोंड फिरवून बसलेत! तुम्हाला मिळत नाहीत म्हणून तुमच्या पोटात दुखतंय!"

असं त्यांना कधी कोणी बोललं नव्हतं. त्यांची मान सर्रकन बाहेर आली.

"तुमच्या भज्यांत मीठ जास्त असतं!"

"खाल्लंत कधी?"

"नाही!" पाळकसाहेबांचा आवाज चिरकला. "एकदासुद्धा नाही."

आणि त्यांनी तोंड मिटलं. उपदेश संपला असं समजून घुबडआजी म्हणाली, "आमेन."

मार्थाबाई तडक कढईकडे गेली. थोड्या वेळाने एक भजं घेऊन आली.

"आता आपलं भांडण झालंय ना? मग आ करा."

भजं गरम होतं. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची लागली, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून भजी पुन्हा सुरू झाली. सशाने एस्तेरबाईंना भरवलं, एस्तेरबाईंनी सशाला. हत्ती आता उभ्यानेच उपासना करतो.

आणि पाळकसाहेब? ते दर शनिवारी पहाटेच घराबाहेर पडतात. त्यांची चाल हळू, आणि संध्याकाळपर्यंत चार-पाच जणांशी तरी भांडून व्हायला हवं.

तात्पर्य : शत्रूवर प्रेम करावं. शत्रू नसेल, तर शनिवारपर्यंत एखादा करून ठेवावा.