ओढ्याकाठचा पाणवठा

सुप्याच्या माळावर चिंकाऱ्यांसाठी पाणवठा बांधायचा होता. तो कुठे, हे गावच्या बायकांनी हात वर करून ठरवायचं, अशी परदेशातल्या संस्थेची अट होती. अट पाळली जाते का हे बघायला तिकडच्या एक मॅडम देवळाच्या मंडपात येऊन बसल्या होत्या. शेजारी दुभाषी म्हणून गावचीच योगिनी.

योगिनीचा जीव या निकालात अडकला होता. तिची आई, सारजा, ओढ्याकाठच्या खळग्यात उन्हाळाभर घागरी ओतायची आणि हरणं तिथंच पाण्याला यायची. फाल्गुनात आई गेली. खळगा आटला.

जोतीरामतात्यांना मात्र पाणवठा डांबरी रस्त्याला लागून हवा होता. "येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी दिसाय नको व्हय?"

"पाटी हरणं वाचत्यात का, तात्या?" योगिनीने विचारलं.

"हरणं न्हाय, पर आमदार वाचत्यात!"

तात्यांना मत द्यायचा अधिकार नव्हता. पण ते मंडपातल्या निम्म्या बायकांचे थोरले दीर आणि उरलेल्यांचे चुलतसासरे होते. खांबाला टेकून नुसते बसले, तेवढ्यानेच माना खाली गेल्या.

"रस्त्याकडंला कुणाला पायजे?" योगिनीने विचारलं. एकही हात हलला नाही. तात्यांचा चेहरा उतरला.

"मग ओढ्याकाठी?"

तरीही नाही. तात्यांच्या देखत त्यांच्याविरुद्ध हात कोण वर करणार? मॅडमनी पेन उघडलं. बायकांनी काहीच ठरवलं नाही असं त्यांनी लिहिलं, की पाणवठाच बारगळणार होता. आणि नेमक्या त्याच वेळी, जरा धाक राहावा म्हणून, तात्या मोठ्यांदा खाकरले.

थोरला माणूस खाकरला की डोक्यावरचा पदर सावरायचा, ही लग्न झाल्यापासूनची सवय. एका झटक्यात सगळ्या बायकांचे हात डोक्याकडे गेले. मॅडम हरखून टाळ्या वाजवू लागल्या.

"ओ बाई! ते मत न्हाय, पदर घेत्यात त्या!" तात्या ताडकन उठले.

हे काय म्हणताहेत, असं मॅडमनी विचारलं. योगिनीला गप्प बसता आलं असतं. पण लबाडी आईला कधी खपली नव्हती.

"आक्काबाई, खरं सांगा. पदरासाठी असंल तर हात खाली घ्या."

आक्काबाई तात्यांची सख्खी भावजय. तिचा हात डोक्यावर तसाच राहिला. "खाली कसा घिऊ? माळाचं वारं बघतीस न्हवं? तात्यांच्या म्होरं पदर पडला, तर घराण्याची अब्रू जाईल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हात जागचे हलले नाहीत.

"म्हंजे मी हितं हाय तवर हात वरच?" तात्यांनी विचारलं.

"व्हय. तुमचा मान हाय त्यो."

तात्यांनी क्षणभर विचार केला. मग चपला पायात सरकवून तरातरा निघाले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

"आता?" योगिनीने चाचरत विचारलं.

आक्काबाईने पदर सोडला. तो वाऱ्याने खांद्यावर येऊन पडला. हात मात्र खाली आला नाही, कोपरातून सरळ होऊन आणखी वर गेला. मागोमाग सगळ्यांचे गेले.

योगिनीला पुढचं काही नीट दिसेना. तिने हात जोडले.

"अगं, हात काय जोडतीस?" आक्काबाई करवादली. "मोज की लवकर! दंड भरून आला माझा."